नऊ तास पुढे: विमानातली झोप, जेट लॅग आणि एका कागदावरचे वेळापत्रक

पाच वर्षांपूर्वी ताईला मुलगी झाली, तेव्हा मी दहा दिवसांची रजा काढून तिच्याकडे गेले होते. ती राहते तिथले घड्याळ माझ्या घड्याळाच्या नऊ तास पुढे चालते. त्या दहांपैकी पहिले सहा दिवस मला तुटक तुटकच आठवतात. रात्री दोनला टक्क जाग येई आणि सकाळी दहाला पापण्या इतक्या जड होत की समोरच्या माणसाचे वाक्य पूर्ण होईपर्यंत त्याची सुरुवात निसटून गेलेली असे. अशाच एका सकाळी भाचीला मांडीवर घेऊन बसले असताना माझी मान कलंडली, हाताची पकड सैल झाली आणि ताईने काही न बोलता बाळाला उचलून घेतले. तिने त्याबद्दल मला कधीच काही ऐकवले नाही, पण तो क्षण माझ्या मनातून गेला नाही.

या जुलैत ताईचा फोन आला. तिच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेची तारीख १८ ऑक्टोबर ठरली होती आणि सकाळी साडेसहाला रुग्णालयात हजर व्हायचे होते. भाऊजींना कामामुळे तिथे फार दिवस थांबता येणार नव्हते. रात्रीच्या औषधांच्या वेळा सांभाळणे, भाचीला शाळेत सोडणे आणि ताईला आधार देऊन चालवणे ही कामे माझ्याकडे येणार होती. पेंगत करण्यासारखे यातले एकही काम नव्हते. म्हणून या वेळी तिकीट काढण्याआधी, मागच्या वेळी नेमके काय चुकले हे समजून घ्यायचे मी ठरवले. त्यासाठी आठवडाभर वाचन केले आणि त्यातून जे हाती लागले त्यावर पुढचा सगळा प्रवास बेतला.

पहिली गोष्ट कळली ती अशी की प्रवासाचा शीण आणि जेट लॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आंबलेले अंग, कोरडा घसा, सुजलेले पाय आणि अपुरी झोप यांनी येणारा शीण एका चांगल्या रात्रीने उतरतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे कितीही लांब उडालो आणि घड्याळ तेच राहिले, तर वाट्याला येतो तो एवढा शीणच. जेट लॅग मात्र शरीराच्या आतले घड्याळ जुन्या गावी राहिल्यामुळे होतो. मेंदूत, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, सुमारे २०,००० पेशींचा एक लहानसा पुंजका असतो आणि झोप, जाग, शरीराचे तापमान, भूक यांची लय तो चालवतो. ही लय बाहेरून येत नाही, ती आतलीच असते. १७२९ मध्ये झां-झाक दॉर्तू द मेरां या फ्रेंच शास्त्रज्ञाने लाजाळूसारखे एक रोप अंधारात ठेवून पाहिले होते. सूर्य दिसत नसतानाही त्याची पाने ठरल्या वेळी उघडत आणि मिटत राहिली. हे घड्याळ पेशीच्या आत कसे चालते याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

माणसाचे हे घड्याळ सरासरीने चोवीस तासांपेक्षा किंचित हळू चालते आणि रोजचा उजेड त्याला जुळवून घेतो. त्याचा कल मुळातच उशिराकडे असल्यामुळे पश्चिमेकडे जाताना दिवस लांबवणे शरीराला सोपे जाते, तर पूर्वेकडे जाताना दिवस आखडणे अवघड जाते. ढोबळ हिशेब असा की पूर्वेकडे गेल्यावर घड्याळ दिवसाला साधारण एक तास सरकते आणि पश्चिमेकडे गेल्यावर दीड तास. माझे नऊ तास पूर्वेचे होते, म्हणजे काहीच केले नाही तर नऊ दिवस.

सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा यापुढे आहे आणि मागच्या वेळी माझे नुकसान झाले ते तो ठाऊक नसल्यामुळे. उजेड घड्याळ सरकवतो हे खरे, पण कुठल्या दिशेला सरकवतो हे वेळेवर ठरते. शरीराचे तापमान रात्री उतरत जाते आणि आपल्या नेहमीच्या जागे होण्याच्या दोन ते तीन तास आधी सर्वांत खाली येते. या क्षणाला मी माझ्या कागदावर ‘तळ’ असे नाव दिले. तळाच्या आधीच्या तासांत डोळ्यांवर पडलेला उजेड घड्याळ मागे ढकलतो आणि तळानंतरच्या तासांत पडलेला उजेड ते पुढे ओढतो. मी घरी साडेसहाला उठते, म्हणजे माझा तळ पहाटे चारच्या सुमारास येतो. ताईच्या गावी तेव्हा दुपारचा एक वाजलेला असतो. मागच्या वेळी मी तिथे सकाळी सातला उतरले होते आणि ‘पोहोचल्या पोहोचल्या सकाळच्या उन्हात फिरून ये, लगेच जुळते’ हा सगळ्यांनी दिलेला सल्ला मानून दोन तास बागेत चालले होते. माझ्या शरीराच्या हिशेबाने तेव्हा मध्यरात्रीचा सुमार होता. ते ऊन माझे घड्याळ पुढे नेण्याऐवजी मागे ढकलत होते आणि दुसऱ्या, तिसऱ्या सकाळीही मी श्रद्धेने तेच केले. तीन-चार तासांचा फरक असेल तर तो सल्ला चांगलाच आहे. नऊ तासांच्या फरकात पहिल्या सकाळी तो उलटा पडतो.

हे समजल्यावर तिकीट निवडण्याची माझी पद्धतच बदलली. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात दोन पर्याय समोर होते. एक स्वस्त विमान सकाळी सातला पोहोचत होते आणि दुसरे थोडे महाग विमान संध्याकाळी सातला. मी संध्याकाळचे घेतले, कारण उतरल्यावर जेमतेम साडेतीन तास जागे राहायचे, जेवायचे आणि अंधारातच झोपायचे, एवढे तर जमण्यासारखे होते. दोन्ही टप्पे एकाच तिकिटावर घेतले, म्हणजे पहिले विमान उशिरा पोहोचले तरी पुढची सोय करण्याची जबाबदारी कंपनीवर राहते आणि सामान थेट शेवटच्या विमानतळावर मिळते. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पोहोचण्याऐवजी पाच दिवस आधी पोहोचायचे ठरवले. त्यासाठी रजेचे तीन दिवस जास्त लागले आणि त्यातले दोन बिनपगारी झाले. माझ्या तयारीतला हा सर्वांत मोठा खर्च होता. बाकी खिडकीजवळच्या सीटचे शुल्क, डोळ्यांवरची पट्टी, पायांचे घट्ट मोजे आणि टेबलावरचा एक प्रखर दिवा हे सगळे मिळून तिकिटाच्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतके पैसे लागले.

२२ सप्टेंबरला डॉक्टरांकडे गेले. मला रोज सकाळी थायरॉइडची गोळी घ्यावी लागते. ती प्रवासात कुठल्या घड्याळाप्रमाणे घ्यायची हे त्यांनी तारीख-वार लिहून दिले. तुम्ही रोजची कुठलीही औषधे घेत असाल, विशेषतः मधुमेहाची, तर हे स्वतःच्या अंदाजाने ठरवू नका. मेलाटोनिनबद्दलही विचारले. अंधार पडल्यावर शरीर स्वतःच तयार करते ते हे संप्रेरक. गोळीच्या रूपात ते झोपेच्या गोळीसारखे माणसाला आडवे करत नाही, ‘रात्र झाली’ असा निरोप शरीराला देते, आणि म्हणूनच चुकीच्या वेळी घेतले तर उजेडासारखेच उलट काम करते. डॉक्टरांनी अर्धा मिलिग्रॅमची गोळी लिहून दिली आणि आधी घरीच, दुसऱ्या दिवशी सुट्टी असेल अशा रात्री, एकदा घेऊन पाहायला सांगितले. ते मी केले आणि मला काही त्रास झाला नाही. या गोळीचे नियम देशोदेशी वेगळे आहेत. अमेरिकेत ती दुकानात सहज मिळते, तर ब्रिटनमध्ये डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. त्यामुळे जिथे उतरायचे आणि जिथे विमान बदलायचे, त्या दोन्ही ठिकाणचे नियम त्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर पाहून घेतले. सगळी औषधे मूळ वेष्टनात आणि चिठ्ठीच्या दोन प्रतींसह हातातल्या बॅगेत ठेवली. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव, मात्रा, माझे पासपोर्टवरचे पूर्ण नाव आणि डॉक्टरांचा शिक्का असल्याची खात्री करून घेतली, कारण तपासणीत कोणी विचारलेच तर पाहिले जाते ते एवढेच.

९ ऑक्टोबरपासून मी घरीच सरकायला सुरुवात केली. रोज पाऊण तास लवकर झोपायचे आणि तेवढेच लवकर उठायचे. नेहमीची झोपायची वेळ अकराची होती, ती ९ ला सव्वादहा, १० ला साडेनऊ आणि ११ ला पावणेनऊ झाली. उठल्याबरोबर अर्धा तास तो प्रखर दिवा समोर ठेवून वाचत बसायचे आणि संध्याकाळी साडेसहानंतर घरातले दिवे मंद करून फोन दूर ठेवायचा. दोन दिवस हे सहज जमले. तिसऱ्या दिवशी पावणेनऊला अंथरुणावर पडले खरी, पण दहा वाजेपर्यंत डोळ्याला डोळा लागला नाही. तरी सव्वाचारला उठले. एवढ्याने तळ दोन तास पुढे आला असे मी धरून चालले, म्हणजे आता तो माझ्या घरच्या पहाटे दोनला, ताईकडच्या सकाळी अकराला आला. नऊ तासांचे सात झाले, तेही विमानात पाऊल टाकण्याआधी. तिसऱ्या दिवशी त्रास होईल हे ठाऊक असते तर मी तीनऐवजी चार दिवस आणि रोज अर्धा तास असा बेत केला असता.

बॅग ११ लाच भरून ठेवली. आदल्या रात्री सामान भरत जागणे ही सवय मोडायला हवी होती, कारण झोपेची उधारी घेऊन विमानात बसले की जेट लॅगवर शीणही चढतो.

१२ ऑक्टोबरला दुपारी एकचे विमान होते. वेब चेक-इन चोवीस तास आधी उघडले तेव्हाच केले होते, तरी विमानतळावर हातात आलेल्या बोर्डिंग पासवर वेगळाच सीट क्रमांक दिसला. विमानाचा प्रकार ऐनवेळी बदलला होता आणि मी पैसे भरून घेतलेली पंखाजवळची खिडकी जाऊन शेवटून दुसरी रांग, स्वच्छतागृहाच्या पाठीमागची जागा, पदरी आली. काउंटरवर विचारले तर बदल करता येणार नव्हता. शुल्काची पावती माझ्याकडे होती, म्हणून परताव्याचा अर्ज रांगेतच फोनवरून भरला आणि पैसे २३ दिवसांनी परत आले. पावती ईमेलमध्ये शोधत बसण्याऐवजी तिचे चित्र फोनमध्ये जतन करून ठेवा, काउंटरवरच्या घाईत ते फार उपयोगी पडते.

सीट निवडताना काय पाहायचे हे या निमित्ताने सांगते. खिडकीजवळ डोके टेकायला भिंत मिळते, झडप आपल्या हातात राहते आणि शेजाऱ्याला उठायचे असले तरी आपली झोपमोड होत नाही. पंखाजवळ हादरे कमी बसतात. आपत्कालीन दाराच्या पुढची रांग आणि शेवटची रांग यांच्या पाठी बऱ्याचदा मागे झुकत नाहीत. सर्वांत पुढच्या भिंतीपाशी पाय पसरता येतात, पण बाळांचे पाळणे तिथेच लावतात. स्वच्छतागृहाजवळ दर दोन मिनिटांनी दाराचा खटका आणि पांढऱ्या दिव्याचा झोत येतो, याचा अनुभव मी त्या दिवशी सात तास घेतला.

पहिल्या टप्प्यात माझ्या शरीराची भर दुपार होती आणि ताईकडची रात्र. विमानात बसताच मनगटावरचे घड्याळ नऊ तास पुढे केले, डोळ्यांवर पट्टी घातली आणि झोपायचा प्रयत्न केला. एकंदर दीड तास डुलकी लागली असेल. त्याबद्दल मी स्वतःला त्रास करून घेतला नाही, कारण शरीराच्या दुपारी गाढ झोप यायची नसतेच. विमानात झोप उथळ लागते, यालाही कारणे आहेत. केबिनमधला हवेचा दाब सुमारे १,८०० ते २,४०० मीटर उंचीच्या डोंगरावर असावा इतका असतो, त्यामुळे रक्तात प्राणवायू थोडा कमी पोहोचतो. हवेतला ओलावा बहुतेक वेळा वीस टक्क्यांच्या खालीच असतो, म्हणून डोळे चुरचुरतात आणि घसा सुकतो. शिवाय बसून झोपताना मान सारखी पुढे पडते. म्हणून पाणी थोडे थोडे पीत राहिले, कॉन्टॅक्ट लेन्स न घालता चष्मा वापरला, आणि गळ्याभोवतीची उशी फिरवून तिचा जाड भाग हनुवटीखाली आणला. मानेचा प्रश्न या शेवटच्या युक्तीने जवळजवळ सुटला.

मधल्या विमानतळावर पाच तासांचा थांबा होता. तिथे पहाटेचे दिवे लखलखत होते, पण माझ्या घरच्या घड्याळाने रात्रीचे आठ ते एक असे ते तास होते, म्हणजे तळाच्या नेमके आधीचे. हाच उजेड मला टाळायचा होता. मी बाजूंनीही डोळे झाकणारा काळा गॉगल लावला आणि एका कोपऱ्यातल्या खांबाकडे तोंड करून बसले. सुरक्षा तपासणीपुरताच तो काढला. आधी संकोच वाटला, नंतर लक्षात आले की तिथे कोणाचे कोणाकडे लक्ष नसते. कॉफीच्या दुकानाचा वास दरवळत होता आणि मला तिची फार तल्लफ आली. पण कॅफीनचा निम्मा अंश शरीरातून जायला साधारण पाच तास लागतात आणि मला तीन तासांनी झोपायचे होते, म्हणून गरम पाण्यावर भागवले. दर तासाला उठून त्या लांबलचक दालनाच्या दोन फेऱ्या मारल्या.

दुसऱ्या विमानात खिडकी मिळाली. माझ्या शरीराची खरी रात्र आता होती आणि हे नऊ तास माझ्यासाठी सर्वांत मोलाचे होते. बसताच केबिन क्रूमधल्या एका ताईंना सांगितले की मी पहिले जेवण घेणार नाही, कृपया उठवू नका. जेवण मी विमानतळावरच हलके उरकले होते, कारण उंचीवर पोटातला वायू फुगतो आणि भरल्या पोटी झोप लागत नाही. मग एक बारीकशी गोष्ट केली, जी मला या सगळ्या प्रवासातली सर्वांत उपयोगी वाटली. पांघरूण आधी छातीपर्यंत ओढून घेतले आणि सीटबेल्ट त्याच्या वरून, सैलसर पण दिसेल असा बांधला. हादऱ्यांच्या वेळी पट्टा बांधला आहे की नाही हे पाहायला कर्मचारी येतात आणि तो पांघरुणाखाली असेल तर त्यांना आपल्याला उठवावेच लागते. त्या रात्री हादऱ्यांची घोषणा दोनदा झाली, शेजारच्या प्रवाशाला दोनदा हलवून उठवले गेले आणि मला कोणी हात लावला नाही. कानात मऊ बोळे होते, पायांत लोकरीचे मोजे होते आणि डोळ्यांवरची पट्टी पापण्यांना न टेकणारी, दोन खोलगट वाट्यांची होती. सपाट पट्टी पापण्यांवर दाबली जाते आणि नाकापाशी उजेडाची फट राहते, ती मी मागच्या वेळी वापरली होती. सुमारे चार तास झोप मिळाली, मध्ये दोनदा जाग आली, पण दोन्ही वेळा मी फोन न बघता पुन्हा डोळे मिटले.

मद्य आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही मी टाळल्या. मद्याने डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्रीची झोप मोडते. गोळीने माणूस तासन्‌तास एकाच स्थितीत पडून राहतो आणि चार तासांपेक्षा लांबच्या प्रवासात पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा जो धोका असतो तो अशा निश्चल बसण्याने वाढतो. खिडकीजवळ बसण्यात हाच एक तोटा आहे, कारण दोघांना ओलांडून उठायला संकोच होतो. म्हणून जागी असताना दर अर्ध्या तासाने टाचा आणि चवडे आळीपाळीने उचलून पोटऱ्या हलवत राहिले आणि दोनदा उठून चाललेही.

ताईकडच्या घड्याळात दुपारचे अडीच वाजले तेव्हा झडप वर केली. बाहेर ढगांवर लख्ख ऊन होते आणि तळ उलटून साडेतीन तास झाले होते. आता हाच उजेड माझ्या बाजूचा होता. उतरेपर्यंत मी खिडकीकडे तोंड करूनच वाचत बसले.

१३ ऑक्टोबरच्या संध्याकाळी सातला विमान उतरले. मागच्या वेळी आगमनाच्या अर्जावर मी पासपोर्टच्या मुदतीच्या रकान्यात जन्मतारीख लिहिली होती आणि मला पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवले होते. त्यात चाळीस मिनिटे गेली. या वेळी पासपोर्ट क्रमांक, तो दिल्याची आणि संपण्याची तारीख, विमानाचा क्रमांक, ताईचा पत्ता आणि मुक्कामाचे दिवस एका चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात घरीच लिहून आणले होते. झोपेत नसलेल्या डोक्याने केलेले काम झोपेत असलेल्या डोक्याच्या फार उपयोगी पडते. न्यायला भाऊजी आले होते. अशा अवस्थेत स्वतः गाडी चालवायचा विचारही करू नये, मग रस्ता कितीही जवळचा असो.

ताईने दार उघडताच म्हटले, “झोपून घे आधी, मग बोलू.” मी तिला माझा कागद दाखवला. साडेदहाला झोपायचे होते आणि त्याच्या अर्धा तास आधी मेलाटोनिनची गोळी घ्यायची होती. त्या कागदावर पुढच्या पाच दिवसांचा जिना होता. तळ रोज तासाभराने लवकर येईल असे धरून, कितीच्या आधी उजेड टाळायचा आणि कितीनंतर तो भरपूर घ्यायचा, ते लिहिले होते. १४ तारखेला दहा, १५ ला नऊ, १६ ला आठ, १७ ला सात आणि १८ ला सहा.

पहिली रात्र कठीणच गेली. साडेदहाला झोपले ती एक चाळीसला जाग आली. खोलीत गडद अंधार होता, भिंतीवरचे घड्याळ ऐकू येत होते आणि शरीराला वाटत होते की संध्याकाळ झाली आहे. दिवा लावला नाही, फोन उलटा ठेवला आणि कूस बदलत पडून राहिले. या तासांत मनात येणारे विचार फार निराशेचे असतात. सगळा बेत फसला, ताईला आपला भारच होणार, असे वाटत राहते. ती वेळ जाते, एवढे लक्षात ठेवावे. पाचच्या सुमारास झोप लागली आणि साडेआठला उठले. दहापर्यंत पडदे ओढलेल्या खोलीत बसले, मग गॉगल काढून भर दुपारपर्यंत बाहेर चालले. ढगाळ दिवशीही बाहेरचा उजेड काही हजार लक्स भरतो, घरातल्या दिव्यांचा काहीशेच, त्यामुळे खिडकीत बसण्यापेक्षा बाहेर पडण्याला पर्याय नाही. दुपारी दोनला पंचवीस मिनिटांचा गजर लावून एक डुलकी घेतली. मागच्या वेळी गजराशिवाय ‘जरा आडवी’ झाले होते आणि चार तासांनी उठले होते, मग रात्रीच्या झोपेचे खोबरे ठरलेलेच. जेवणाच्या वेळा पहिल्या दिवसापासून तिथल्याच ठेवल्या. यकृत आणि आतड्यांची स्वतःची घड्याळे असतात आणि ती जेवणाच्या वेळेने जुळतात. पहिले दोन दिवस भूक नव्हती, तरी वेळेवर थोडे खाल्ले.

१४ च्या रात्री मधली जाग दीड तासावर आली. १५ ला साडेबारापर्यंत झोपच लागली नाही, पण नंतर सकाळी सातपर्यंत एकदाच जाग आली. १६ ला भाऊजी म्हणाले, “मला तर दोन दिवसांत काहीच वाटेनासे होते, तुम्ही एवढे कागद कशाला करता?” त्यांचे खरे आहे. १९३८ मध्ये नॅथॅनियल क्लाइटमन आणि त्यांचे विद्यार्थी ब्रूस रिचर्डसन हे दोघे केंटकीतल्या मॅमथ गुहेत ३२ दिवस राहिले आणि त्यांनी तिथे २८ तासांचा दिवस पाळून पाहिला. रिचर्डसनच्या शरीराने तो स्वीकारला, क्लाइटमनच्या नाही. माणसा-माणसांत एवढा फरक असू शकतो. ज्याला दोन दिवसांत जमते त्याच्याशी तुलना करून आपल्या सहाव्या दिवशी खचू नये.

१७ ला साडेदहाला पडले आणि अकराच्या आत झोपले. १८ ला पाचचा गजर झाला तेव्हा डोके जड होते. कागदाप्रमाणे माझा तळ सहाला येणार होता, म्हणजे अजून तासभर शरीराची रात्रच होती, त्यामुळे याची मला अपेक्षा होती. तोंडावर गार पाणी मारले, मंद दिव्यात आवरले आणि साडेसहाला ताईबरोबर नोंदणीच्या खिडकीसमोर उभी राहिले. संमतीपत्राची चार पाने होती, विम्याचा क्रमांक दोन ठिकाणी लिहायचा होता, आधीच्या औषधांची यादी द्यायची होती. एकही रकाना चुकला नाही. ताईला आत नेले तेव्हा तिने माझा हात धरला होता आणि मी पूर्ण जागी होते. त्या रात्री अकरा, तीन आणि सात या औषधांच्या वेळा मी पाळल्या. मधल्या तासांत झोपले, ती साधी थकलेल्या माणसाची झोप होती.

परतीचा प्रवास ३१ ऑक्टोबरला झाला, पश्चिमेकडे. आता दिवस लांबवायचा होता आणि तळाच्या आधीचा, म्हणजे घरच्या दुपारचा आणि संध्याकाळचा उजेड हवा होता, तो आपसूकच मिळतो. नको असलेला उजेड रात्रीच्या तासांत पडतो, तेव्हा बाहेर अंधारच असतो. दुपारी दोन ते सहा या वेळात विलक्षण झोप येई, तेव्हा मी घराबाहेर राहिले आणि पाचव्या दिवशी सगळे जुळले. घरी पोहोचल्यावर कामावर जाण्याआधी दोन दिवस मोकळे ठेवले होते, तेवढे जाताना आणि येताना दोन्हीकडे ठेवता आले तर जरूर ठेवा.

ताईला पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे यायचे आहे. शस्त्रक्रियेनंतर गुठळीचा धोका जास्त असल्यामुळे तिच्या डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला अजून होकार दिलेला नाही. तो मिळाला की तिच्या झोपेच्या वेळा विचारून तिच्यासाठी वेगळा कागद करणार आहे. माझा तिला चालणार नाही, ती रात्री साडेबाराला झोपणारी आहे.